मांडणाराही साहेब, मंजूर करणाराही साहेबच

घनसावंगी तालुक्यातल्या शेतकरी बंधूंनो, एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या जिल्हा परिषद गटाचा मेंबर कोण, असं मार्च २०२२ नंतर कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगितलं? माजी मेंबराचं नाव सांगितलं असेल. कारण जालना जिल्हा परिषदेसाठी आपण मतदान केलं ते १६ फेब्रुवारी २०१७ रोजी. त्या सभागृहाची पाच वर्षांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी, पंचायत समितीत गटविकास अधिकारी.

मधल्या काळात मतदान झालंच नाही असं नाही. लोकसभेचं झालं. आपला जिल्हा जालना, पण खासदार परभणीचा. त्यासाठी २६ एप्रिल २०२४ ला तुम्ही उन्हात रांगेत उभे राहिलात. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचंही झालं. दिल्लीची आणि मुंबईची निवडणूक वेळेवर होते. गावाजवळच्या सभागृहाची तेवढी होत नाही, हे तुम्हाला खटकलं नाही काय?

खटकायला हवं, आणि ते मुख्यतः अंदाजपत्रकासाठी. जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक दर मार्चमध्ये ठरतं. प्रशासनाने ते तयार करायचं, अर्थ समितीच्या सभापतींनी सभेपुढे ठेवायचं, सभासदांनी भांडून-तंडून मंजूर करायचं, अशी १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्याची रीत आहे. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही मार्चमध्ये सभागृह रिकामं होतं. तयार करणारे अधिकारी, मांडणारे अधिकारी, आणि सभेचे सगळे अधिकार असलेले प्रशासकही अधिकारीच. अमक्या गावच्या शाळेची खोली का नाही धरली, तमक्या पशुवैद्यकीय दवाखान्याचं छप्पर किती पावसाळे गळायचं, हे उठून विचारणारा एकही माणूस त्या खोलीत नव्हता.

हा पैसा कुणाचा? जिल्हा परिषदेचा स्वनिधी, ज्याला आपण सेस फंड म्हणतो, तो शेतसाऱ्यावरच्या उपकरातून आणि मुद्रांक शुल्काच्या वाट्यातून येतो. म्हणजे दोन एकराचं खरेदीखत केलं की त्यातही तुमचा हातभार लागतो. या निधीतले २० टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. ते खर्च झाले की तसेच पडून राहिले, यावर सभेत पूर्वी गदारोळ व्हायचा. गदारोळ कानाला बरा लागत नाही हे खरं, पण त्यातूनच आकडे बाहेर यायचे.

स्वनिधीची ही गत, तर केंद्राच्या पैशाची त्याहून वाईट. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला, असा वाटला गेला. पण आयोगाची अट अशी, की संस्था रीतसर निवडून आलेली पाहिजे. प्रशासक बसला की वाटा अडतो. जिल्हा नियोजन समितीचंही तसंच. राज्यघटनेप्रमाणे तिचे किमान चार पंचमांश सभासद जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायला हवेत. जिल्हा परिषदच रिकामी, तर ग्रामीण भागाच्या जागा भरणार कोण? मग पालकमंत्री सांगतील ती पूर्व दिशा.

आता हे घडलं कसं, ते नीट समजून घ्या. चावडीवर कुणी म्हणतं कोर्टाने अडवलं, कुणी म्हणतं सरकारने. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाशीमसह काही जिल्हा परिषदांच्या प्रकरणात निकाल दिला. इतर मागासवर्गीयांना सरसकट २७ टक्के जागा देता येणार नाहीत. आधी आयोग नेमा, मागासलेपणाची माहिती गोळा करा, त्यावरून प्रमाण ठरवा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवा, असं न्यायालयाने सांगितलं. ही कसोटी नवी नव्हती, २०१० मध्येच घटनापीठाने ती घालून दिली होती. अकरा वर्षांत कोणत्याच सरकारने माहिती गोळा केली नाही. निकाल आल्यावरही माहितीच्या आधी अध्यादेश निघाला आणि न्यायालयाने तो अडवला.

त्याचा झटका घनसावंगीने स्वतः पाहिलाय. नगरपंचायतीच्या निवडणुकीत काही प्रभागांचं मतदान २१ डिसेंबर २०२१ ला झालं, आणि इतर मागासवर्गाच्या जागा खुल्या करून उरलेल्या प्रभागांचं १८ जानेवारी २०२२ ला. गाव एक, निवडणूक एक, आणि मतदान दोनदा.

पुढे जयंतकुमार बांठिया आयोगाचा अहवाल आला आणि जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने त्याप्रमाणे निवडणुका घ्यायला सांगितलं. इथे गाडी रुळावर यायला हरकत नव्हती. पण एका सरकारने गटांची संख्या वाढवली होती, ती ऑगस्टमध्ये दुसऱ्या सरकारने पुन्हा कमी केली. भांडण परत कोर्टात गेलं आणि 'जैसे थे'चा आदेश झाला. तारखांवर तारखा पडल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरकण्याचा आदेश दिला. तेही जमलं नाही, म्हणून १६ सप्टेंबरला ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. आमच्या मते सरकार आणि न्यायालय दोघांनाही यातून सुटका नाही. सरकारने गृहपाठ केला नाही. पण 'जैसे थे' म्हणजे प्रशासक जैसे थे, हे कोर्टालाही दिसत होतंच की.

जुन्या माणसांना आठवत असेल, १९७९ नंतर जिल्हा परिषदेची निवडणूक थेट १९९२ साली झाली होती. असं पुन्हा होऊ नये म्हणूनच ७३ वी घटनादुरुस्ती आली. पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे, असं घटनेत लिहिलं गेलं. लिहिलेलं अजून तसंच आहे.

कुणी म्हणेल, मेंबर होते तेव्हा तरी काय उजेड पडला? टक्केवारीच चालायची. हे खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. प्रशासक वाईट असतात असंही आमचं म्हणणं नाही, काही साहेब सकाळी नऊला शाळेच्या दारात उभे राहिलेले लोकांनी पाहिलेत. पण साहेबांची बदली होते आणि नवे साहेब पहिल्यापासून सुरुवात करतात. मेंबर टक्केवारीचा असला तरी पाच वर्षांनी मत मागायला तुमच्याच दारात येतो. तेव्हा त्याला चहा न पाजण्याचा हक्क तुम्हाला आहे.

आणि हे दुखणं वरच थांबत नाही. ज्या ग्रामपंचायतींचं मतदान १५ जानेवारी २०२१ रोजी झालं, त्यांची पाच वर्षं २०२६ च्या सुरुवातीला भरतात. वित्त आयोगाचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीचा होता. निवडून आलेल्या संस्थेची अट तिथेही लागली, तर हातपंपाची दुरुस्ती आणि गटाराचं बिल भागवायला गावाकडे राहतं काय, याचा हिशेब सरपंच-उपसरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (म्हणजे आपल्या ग्रामसेवकांनी) कागदावर मांडून पाहावा.

ग्रामसभेला प्रशासक नसतो. ती बोलवा. तीन वर्षांत सेस फंडातून आपल्या गावाला काय मिळालं आणि राखीव टक्क्यांतला किती पैसा खर्चाविना राहिला, याची विचारणा करणारा ठराव घ्या. ठरावाला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डाला तोही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अर्ज पंचायत समितीत टाकून हेलपाटे घालू नका. तो जिल्हा परिषदेच्या वित्त विभागातील जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करा, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.