आधी माणसं द्या, मग हक्क शिकवा?

मनोरुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना रुग्णांच्या मानवी हक्कांचं प्रशिक्षण देणं म्हणजे वेळेचा आणि पैशाचा अपव्यय, असं एका अनुभवी गृहस्थांनी नुकतंच जाहीरपणे मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : वॉर्डात माणसं नाहीत, आहेत ती थकलेली आहेत, रुग्ण त्यांच्या अंगावर धावून जातात. अशा लोकांना सभागृहात बसवून कायद्याची कलमं वाचून दाखवणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. आधी रिक्त जागा भरा, मग हक्क शिकवा. शिवाय हक्कबिक्क ही परदेशी थेरं. ज्याला स्वतःचं भान नाही त्याला हक्क कसला? आणि एका दिवसाच्या शिबिरानं कुणी बदलत नाही. त्यांना टाळ्या मिळाल्या. मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

किरकोळ मुद्दे आधी उरकते. हक्क परदेशी म्हणता, तर कोंडून ठेवणारी इस्पितळं आणि १९१२चा इंडियन लूनसी ॲक्ट कुणी आणला होता? गोऱ्या साहेबाचं कुलूप कित्येक दशकं चाललं आणि आपल्याच संसदेनं केलेला २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तेवढा परका झाला! भान नसल्याचा मुद्दा : ज्याला आज औषधाचा निर्णय घेता येत नाही, त्याचं डोकं जबरदस्तीनं भादरायला ते कारण पुरत नाही. कायद्याच्या २०व्या कलमात हे स्पष्ट लिहिलं आहे. सक्तीचं मुंडण नाही, गणवेशाची सक्ती नाही, स्वतःचे कपडे घालायची मुभा. आणि एका दिवसाच्या शिबिरानं काही होत नाही हे खरंच आहे. पण त्यावरून शिबिर धड करा असं म्हणायला हवं. शिकवणंच बंद करा, हे कुठून आलं?

आता 'आधी माणसं द्या' या मुद्द्याकडे येते, कारण सगळी इमारत त्यावरच उभी आहे आणि तो ऐकायला फार बरा वाटतो. माणसं कमी आहेत, हे कोण नाकारतं? येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. तिथं रात्रपाळीला वॉर्ड सांभाळणाऱ्या परिचराची दमछाक ज्यानं पाहिली आहे, तो भरतीची मागणी करणारच. मीही करते. पण या मागणीमागे लपून दुसरंच काही चालू ठेवलं जातं, त्यावर माझा आक्षेप आहे.

समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करताना एका स्त्री वॉर्डात मी हे रोज पाहत असे. तिशीतली एक बाई संध्याकाळी ड्यूटी टेबलापाशी येऊन उभी राहायची. 'भावाला फोन लावा.' उत्तर ठरलेलं : 'उद्या बघू.' दुसऱ्या दिवशीही तेच. कधी 'ए, जा जागेवर बस', कधी नुसताच हात हलवायचा, समोरच्या रजिस्टरमधून मान वर न करता. एका संध्याकाळी तिनं जेवणाचं ताट टेबलावर आपटलं. चौघीजणी धावल्या, तिला धरलं, खाटेला बांधलं. नोंद झाली : 'रुग्ण विनाकारण आक्रमक.' ते 'विनाकारण' मी स्वतः वाचलं आहे. त्याच वॉर्डात, तेवढ्याच माणसांत, दुसऱ्या पाळीला एक परिचारिका मावशी यायच्या. त्यांनी तिला शेजारच्या बाकावर बसवलं, तिच्यासमोर नंबर फिरवला, रिंग तिला ऐकवली. 'भाऊ उचलत नाहीये गं, ताई. कामावर असेल. जेवण झालं की परत लावू, तू ये आठवणीनं.' जेवणानंतर ती आली, मावशींनी परत लावला. भावानं उचलला नाहीच. ती थोडा वेळ रडली आणि झोपायला गेली. कुणाला धरावं लागलं नाही, कुणाला ओरखडा आला नाही.

त्या दोन पाळ्यांत माणसांचा फरक किती होता? शून्य. उलट बांधायला चौघी लागल्या आणि फोन लावायला एकच. रुग्णाला नातेवाइकांशी फोनवर बोलण्याचा हक्क आहे, असं याच कायद्याचं २६वं कलम सांगतं. मावशींना ते कलम ठाऊक नव्हतं, पण वागणं ठाऊक होतं. बाकीच्यांना दोन्ही कुणी शिकवलं नव्हतं.

मनुष्यबळाच्या सबबीला कायद्यानं आधीच उत्तर दिलेलं आहे, हे आमच्या गृहस्थांच्या वाचनातून निसटलेलं दिसतं. ९७व्या कलमानुसार रुग्णाला एकट्याला कोंडून ठेवता येत नाही. तत्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच उरला नसेल, तेव्हाच बांधता येतं, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं आणि लागेल तेवढाच वेळ. शिक्षा म्हणून नाही, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. 'कर्मचारी कमी' ही सबब कायदा करणाऱ्यांनी ओळखली होती आणि नाव घेऊन मोडीत काढली होती. ती परत व्यासपीठावर आणायची असेल, तर आधी कायदा बदलायची मागणी करा आणि तसं उघड म्हणा.

राहिला मार खाण्याचा प्रश्न. परिचरांना मार बसतो, दात पडतात, चष्मे फुटतात, आणि त्यांची विचारपूस कुणी करत नाही. त्यांच्या बाजूनं बोलतो असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं, की हाणामारी बहुतेक वेळा सुरू कुठून होते. घरी सोडा, फोन लावा, तंबाखू द्या, दार उघडा. मागणीला तोडून दिलेलं 'नाही' ही तिची सुरुवात असते. इंग्लंडमध्ये १५ रुग्णालयांतल्या ३१ मनोविकार वॉर्डांत यावर पद्धतशीर प्रयोग झाला, 'सेफवॉर्ड्स' नावाचा. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. कर्मचाऱ्यांना शिकवलेल्या गोष्टी साध्याच होत्या : नकार सौम्य शब्दांत कसा द्यावा, वाईट बातमी सांगताना कसं सांभाळावं, चिडलेल्या माणसाला बोलून कसं शांत करावं, रुग्णांची आणि आपली ओळख कशी होऊ द्यावी. हे शिकवलेल्या वॉर्डांत भांडणं-मारामारीचे प्रकार तुलनेच्या वॉर्डांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी घटले, आणि बांधणं, कोंडणं, जबरीनं इंजेक्शन देणं यांसारखे उपाय सुमारे एक चतुर्थांशानं. तिकडे माणसं भरपूर असतात, हे उत्तर इथं चालणार नाही. ज्यांच्याशी तुलना केली, ते वॉर्डही तिकडचेच होते. हक्कांचं प्रशिक्षण परिचराला मारापासून वाचवतं, आणि ते त्याच्याच नावानं नाकारलं जातंय.

हा वाद जुना आहे. भूल न देता दिला जाणारा शॉक बंद करायची चर्चा निघाली तेव्हाही वडीलधाऱ्यांचं हेच म्हणणं होतं : लहान गावात भूलतज्ज्ञ कुठून आणायचा? आधी भूलतज्ज्ञ द्या, मग बंदी घाला. २०१७च्या कायद्यानं बंदी घातली आणि मानसोपचार काही बुडाला नाही. त्याआधी साखळदंडांबद्दलही असंच ऐकलं होतं. सोडलं तर सांभाळणार कोण? तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे झोपड्यांना आग लागली आणि साखळीनं बांधलेली २८ माणसं गेली. सांभाळणारे कमी होते, हे तिथंही खरंच होतं. म्हणून हा 'आधी' शब्द ऐकला की माझं मस्तक फिरतं. या 'आधी'ची तारीख कधीच उजाडत नाही.

आणि शिक्षण थांबवा म्हटलं म्हणून ते थांबतं थोडंच? नवा परिचर पहिल्या दिवशी कामावर येतो तेव्हा वॉर्ड त्याला शिकवायला सुरुवात करतो. कुणाला 'ए' म्हणायचं, आंघोळीला रांगेत उघडं कसं उभं करायचं, तक्रार करणाऱ्याचा आवाज कसा बंद करायचा, रजिस्टरमध्ये काय लिहायचं आणि काय नाही, हे सगळं पहिल्या आठवड्यात त्याच्या अंगवळणी पडतं. या प्रशिक्षणाला ना निधी लागतो, ना सभागृह. ते चोख होतं आणि निवृत्तीपर्यंत टिकतं. आमचे गृहस्थ म्हणतात ते मानलं, तर वॉर्डात एवढं एकच प्रशिक्षण उरेल.

मग काय करावं? पहिलं, सभागृह सोडा. डॉक्टर आणि अधिकाऱ्यांना पुढच्या रांगेत बसवून फोटो काढणारी शिबिरं मीही पाहिली आहेत. रुग्णाच्या अंगाला ज्यांचा हात लागतो ते चतुर्थ श्रेणीचे आणि कंत्राटी कर्मचारी त्यांत नसतात, कारण वॉर्ड कुणीतरी सांभाळायचा असतो. शिकवणं वॉर्डात न्या, रात्रपाळीलाही, साध्या मराठीत, घडलेल्या प्रसंगांवरून. ताट आपटलं तेव्हा आधीच्या तासाभरात काय झालं होतं, एवढं विचारलं तरी वर्ग सुरू होतो. हे करून पाहिलेलं आहे. गुजरातेत जागतिक आरोग्य संघटनेच्या 'क्वालिटीराइट्स' या रुग्णहक्कांवर आधारलेल्या कार्यक्रमाच्या धर्तीवर सहा सरकारी सेवांमध्ये काम झालं, त्याचे निष्कर्ष २०१९मध्ये आले. वर्षभरात सेवेचा दर्जा सुधारला, कर्मचाऱ्यांचा रुग्णांकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला आणि घरच्यांवरचा काळजीचा भारही काहीसा हलका झाला.

दुसरं, शिकवणाऱ्यांत बऱ्या झालेल्या रुग्णांना घ्या. यात नवीन काही नाही. पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात १७९७ साली मनोरुग्णांच्या साखळ्या काढल्या त्या प्यूसाँ नावाच्या व्यवस्थापकानं. श्रेय मात्र पुढे डॉक्टर पिनेल यांच्या नावावर जमा झालं. प्यूसाँ हा डॉक्टर नव्हता. तो स्वतः त्याच इस्पितळात गंडमाळेचा रुग्ण म्हणून आला होता, आणि मदतीला माणसं घ्यायचा तीही बऱ्या झालेल्या रुग्णांतून. त्यानंही पुढे बांधायचा अंगरखा वापरलाच, तो काही संत नव्हता. पण मार देण्यावर त्यानं बंदी घातली आणि ती पाळायला लावली.

आपल्याकडे अशा माणसांना बोलावलंच, तर एक अनुभवकथन, एक गुलाबाचं फूल आणि चहा एवढ्यावर बोळवण होते. ते नको. त्यांना प्रशिक्षक म्हणून नेमा आणि तज्ज्ञ व्याख्यात्याला देता तेवढंच मानधन द्या. रुग्णालयात काम करणाऱ्या रुग्णाला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, हे २०व्या कलमातच आहे. बरा झाल्यावर त्यानं फुकट शिकवावं, असं कुठल्याच कलमात नाही.