एमबीएची नोकरी उन्हाळ्यातच ठरते. पण घोडेगावच्या पोरांना तो उन्हाळा परवडतो का?

उन्हाळा लागला की आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी गावांमध्ये हिरड्याचा हंगाम सुरू होतो. अख्खं घर कामाला लागतं, कारण हातात रोख पैसा येण्याचे हेच दिवस असतात.

आता समजा, याच पट्ट्यातल्या एका मुलीने घोडेगावच्या बी. डी. काळे महाविद्यालयातून पदवी घेतली, एमबीएची सीईटी दिली आणि तिला पुण्यात प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष संपतं तेव्हा घरी हिरड्याची घाई असते आणि कॉलेज सांगतं, “दोन महिने कंपनीत जा. समर इंटर्नशिप कंपल्सरी आहे.”

घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, “पगार किती?” बऱ्याचदा उत्तर असतं, “काहीच नाही.”

तरीही हे दोन महिने एमबीएच्या दोन वर्षांतले सगळ्यात महत्त्वाचे मानले जातात. का, ते समजून घेऊ.

समर इंटर्नशिप म्हणजे नेमकं काय?

एमबीए दोन वर्षांचं. पहिलं वर्ष संपल्यावर, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या सेमिस्टरच्या मध्ये, विद्यार्थी एखाद्या कंपनीत साधारण ८ आठवडे काम करतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात याला समर इंटर्नशिप प्रोजेक्ट किंवा थोडक्यात ‘एसआयपी’ म्हणतात. कंपनीत एक मेंटॉर असतो, कॉलेजात एक गाईड. शेवटी रिपोर्ट द्यायचा, तोंडी परीक्षा द्यायची. याचे मार्क डिग्रीत धरले जातात. म्हणजे ‘जमलं तर करू’ असा हा विषय नाही.

निवड कशी होते?

इथे दोन वेगळी जगं आहेत.

आयआयएम आणि नावाजलेल्या संस्थांमध्ये प्रवेशानंतर चार-पाच महिन्यांतच, साधारण दिवाळीच्या आगेमागे, कंपन्या कॅम्पसवर येतात. आधी सीव्ही बघून शॉर्टलिस्ट लागते. मग ग्रुप डिस्कशन, मग मुलाखत. गंमत अशी, की तोपर्यंत एमबीएचं शिक्षण जेमतेम सुरू झालेलं असतं. त्यामुळे सीव्हीवर जे दिसतं ते सगळं आधीचं असतं: दहावी-बारावीचे मार्क, पदवीचं कॉलेज, आधीची नोकरी, इंग्रजी. शिकवणीचा परिणाम दिसायच्या आधीच निवड होऊन जाते.

दुसरं जग बाकीच्या कॉलेजांचं. तिथे इंटर्नशिपसाठी कंपन्या फारशा येत नाहीत. विद्यार्थ्याने स्वतःच शोधायचं. लिंक्डइनवर मेसेज, ओळखीच्या लोकांना फोन, नाहीतर काकांच्या मित्राची कंपनी. ज्याच्या घरात कुणी मॅनेजर आहे त्याचं काम एका फोनवर होतं. ज्याच्या घरातून पुण्याच्या ऑफिसात याआधी कुणी गेलेलंच नाही, त्याने कुणाला फोन करायचा?

दोन महिन्यांत काय होतं आणि नोकरी कुठून येते?

चांगल्या ठिकाणी पहिल्या आठवड्यात कंपनीची ओळख करून देतात आणि एक नेमका प्रश्न हातात देतात. उदाहरणार्थ, एखाद्या भागात आपलं दूध दुकानदार का ठेवत नाहीत? मग दुकानं फिरायची, आकडे जमवायचे, कारणं शोधायची. महिनाभराने मधला आढावा होतो. शेवटी वरिष्ठांसमोर प्रेझेंटेशन.

काम आवडलं तर कंपनी ‘पीपीओ’ देते, म्हणजे प्री-प्लेसमेंट ऑफर. कॅम्पस प्लेसमेंट सुरू होण्याआधीच नोकरीचा प्रस्ताव. कंपनीचा हिशोब सरळ आहे. वीस मिनिटांच्या मुलाखतीत माणूस कळत नाही, दोन महिन्यांत कळतो. वेळेवर येतो का, अडलं तर विचारतो का, चूक मान्य करतो का, हे सगळं दिसतं. पीपीओ नाही मिळाला तरी पुढच्या मुलाखतींमध्ये पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, “इंटर्नशिपमध्ये काय केलं?”

मात्र सगळीकडे चित्र इतकं छान नाही. काही ठिकाणी ‘मार्केटिंग प्रोजेक्ट’ म्हणजे खाती उघडून आणा, पॉलिसी विका, टार्गेट पूर्ण करा. दोन महिने फुकट सेल्समन मिळतो, मग सर्टिफिकेट देऊन टाटा.

मग अडचण कुठे आहे?

घोडेगाव ते पुणे रोज येऊन-जाऊन इंटर्नशिप करणं कठीण आहे. मंचर, राजगुरुनगर, चाकणचं ट्रॅफिक पार करून पुण्यात पोचण्यातच अर्धा दिवस जातो. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण प्रवासाचे तास काही अर्धे होत नाहीत. म्हणजे खोली आली, मेस आली. इंटर्नशिप मुंबईत लागली तर खर्च आणखी वाढतो.

राज्य सरकारने २०२४ मध्ये ठराविक प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी माफ केली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे, आणि घोडेगावात आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही आहे. पण स्वयम्‌ची रक्कम कॉलेज कोणत्या शहरात आहे त्यावर ठरते, इंटर्नशिप कुठे लागली त्यावर नाही.

कायद्याचं काय? शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे आणि त्यात किमान विद्यावेतन ठरलेलं आहे. पण त्यासाठी तसा करार नोंदवावा लागतो. एमबीएची नेहमीची समर इंटर्नशिप कॉलेजच्या एका पत्रावर चालते. तिथे ‘शून्य रुपये’ चालून जातं.

सरकारी इंटर्नशिप योजना आहेत ना?

आहेत, पण या मुलीसाठी नाहीत.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. बारावी पास उमेदवाराला महिन्याला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये. पण अट अशी की शिक्षण सुरू असेल तर अर्ज करता येत नाही.

केंद्राची पीएम इंटर्नशिप योजनाही त्याच वर्षीची. देशातल्या ५०० मोठ्या कंपन्या, सुरुवातीला महिना ५ हजार रुपये आणि एकदाच ६ हजार. पहिल्या टप्प्यात वय २१ ते २४ आणि पूर्णवेळ शिकणारे बाद. एमबीए झालेलेही बाद. दोन्ही योजना शिक्षण आणि नोकरी यांच्या मधल्या रिकाम्या जागेसाठी आहेत. शिक्षणाच्या आतली सक्तीची इंटर्नशिप कुणाच्याच यादीत नाही.

यावर मार्ग काय?

एक मार्ग जवळचाच आहे. मंचरला पराग मिल्क फूड्सची डेअरी आहे, तालुक्यात भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे, नारायणगावला टोमॅटोचा मोठा बाजार आहे, चाकणला कारखान्यांची रांग आहे. दूध संकलन, उसाची तोडणी-वाहतूक, टोमॅटोचे पडणारे भाव किंवा थेट हिरड्याची खरेदी-विक्री, हे एमबीएसाठी अस्सल प्रोजेक्ट आहेत. आणि या प्रश्नांची घोडेगावच्या मुलीला जी समज आहे ती पुण्यातल्या मुलाला नाही. इथे पीपीओ मिळेलच असं नाही, पण मुलाखतीत सांगायला स्वतःचं काम असेल.

इंटर्नशिप घेण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा. स्टायपेंड किती? प्रोजेक्ट काय? मेंटॉर कोण? मागच्या वर्षीच्या इंटर्नपैकी किती जणांना नोकरी दिली? टार्गेटचा विषय निघाला आणि प्रोजेक्टचा निघाला नाही, तर काय ते समजून घ्या.

पण सगळा भार विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. इंटर्नशिपशिवाय डिग्री मिळत नसेल, तर त्या दोन महिन्यांचा खर्च ही फीच आहे. फक्त ती पावतीवर दिसत नाही. फी माफ करणाऱ्या सरकारने आणि मार्क देणाऱ्या विद्यापीठाने हा खर्चही हिशोबात धरायला हवा. नाहीतर प्रवेश घोडेगावच्या मुलीला मिळेल आणि नोकरीचं पत्र मात्र ज्याला दोन महिने फुकट राबणं परवडतं त्याला.