सगळेच द्रुत, मग विलंबित कुठे?

दिवाळीच्या फराळात ट्रान्स संगीत वाढलेले पाहून काही वडीलधारी मंडळी नाक मुरडतील. मुरडोत बापडी! परंतु विरार लोकलमध्ये कानांत बोंडे खुपसून डुलणारा आपला नातू काय ऐकतो, हे त्यांनी कधी विचारले आहे काय? कदाचित ते ‘फुल ऑन’ सायकेडेलिक ट्रान्सचे एखादे संकलन असेल. ते न ऐकताच ‘नुसता धडधडाट’ म्हणून निकालात काढणे हा एक अन्याय, आणि त्यातले सगळेच थोर म्हणून डोक्यावर घेणे हा दुसरा. आमचे भांडण दोन्ही पक्षांशी आहे.

आधी वडिलांशी. हे संगीत सातासमुद्रांपलीकडचे म्हणून टाकून देता येत नाही. त्याचे बाळपण हणजुणच्या किनाऱ्यावर गेले. एके काळी वसई आणि गोवा दोन्हींवर पोर्तुगिजांचे निशाण होते. वसई १७३९ साली सुटली, गोवा १९६१ साली. आज वसई रोडला गाडीत बसावे नि मडगावला उतरावे, इतके ते जवळ! त्या किनाऱ्यावर सैन्यातली नोकरी आटोपून इस्रायली तरुण आले, हे सूर घरी घेऊन गेले, आणि तिथे त्याला ‘फुल ऑन’चे रूप आले. त्यातला हिशेबही पाहा. मिनिटाला सुमारे १४५ ठोके. प्रत्येक ठोक्याचे चार भाग. पहिल्यावर ढोल, उरलेल्या तिन्हींवर खर्जातले सूर. आमच्या तबलजीला हे चटकन उमगेल. याला अडाण्यांचा गोंगाट कोण म्हणेल?

संकलनाचे उपकारही मोठे आहेत. ज्याच्या पदरी एकच चांगली गत आहे, अशा अनोळखी कलावंताला ते नामांकितांच्या पंक्तीला बसवते. ‘फुल ऑन’ हे नावच मुळी १९९८ साली इस्रायलमधील होममेगा या संस्थेने काढलेल्या संकलनावरून रूढ झाले. पंगतीवरून पक्वान्नाला नाव मिळावे, असाच हा प्रकार!

आता नातवाशी. बाबा रे, तुझ्या तबकडीत आठ-दहा गती, आणि प्रत्येकीला पहिल्या मिनिटापासून शिखर गाठायची घाई. सगळीच शिखरे असली की डोंगर उरतो कुठे? ते तर पठार झाले! याचे कारण आहे. नृत्याच्या मेळ्यात एक गत दुसरीला जोडायची असते. म्हणून वेग एकसारखा, आरंभी आणि शेवटी उघडा ठेका. तिथे ते योग्यच. परंतु घरी बसून ऐकणाऱ्याला इमारतीऐवजी परांचीच दिसते. गोवा गिल (१९५१–२०२३) रात्र रात्र वाजवीत असे. त्या रात्रीला काळोख होता आणि पहाटही होती. ऐंशी मिनिटांच्या तबकडीत मध्यरात्र तेवढी कोंबली, तर पहाट उजाडायची केव्हा? आमच्या बैठकीत विलंबितानंतर द्रुत येते आणि शेवटी भैरवी. नुसत्या लोणच्याचे जेवण कोणाला पचले आहे?

दोष संगीताचा नव्हे, संकलकाचा आहे. गोळा करणे हे हमालाचे काम. गाळणे हे संपादकाचे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाला हे ठाऊक आहे. साऱ्या अंकात नुसत्या भुताच्याच गोष्टी छापल्या, तर तिसऱ्या भुताला कोण भिईल? कथेनंतर कविता, कवितेनंतर व्यंगचित्र लागतेच. संकलकांनी दहांतल्या चार गती वगळण्याचे धैर्य दाखवावे, आणि त्या जागी दोन संथ घ्याव्यात. मग उरलेल्या सहा दुप्पट वाजतील.

तोवर घरोघरी एवढा तह व्हावा. आजोबांनी एक संकलन पुरते ऐकावे, मग हवे तेवढे रागवावे. नातवाने रात्री दहाच्या ठोक्याला कर्णा बंद करावा. २००० सालच्या ध्वनिनियमांची तशी आज्ञाच आहे. आणि त्याने आजोबांची एक भैरवी शेवटपर्यंत ऐकावी. आपल्या तबकडीत काय राहून गेले, ते त्याचे त्यालाच कळेल.