कार्य गेलं, क्रम उरला



'कार्यक्रम' या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक पत्रिकेवरचा. दीपप्रज्वलन, हार, प्रास्ताविक, सत्कार, मनोगत, आभार. दुसरा नाक्यावरचा. 'त्याचा कार्यक्रम केला' म्हणजे त्याला आवाज न करता संपवला. आमचं म्हणणं एवढंच, की आपल्या वस्त्यांत पहिल्या अर्थाचे कार्यक्रम रोज वाढताहेत आणि त्यांच्या आडोशानं दुसऱ्या अर्थाचा कार्यक्रम आपलाच होतोय.

कुणी म्हणेल, संपादक कार्यक्रमांवर उठलाय. तसं नाही. लोक एकत्र आले नसते तर आपण आज माणसातच नसतो. आमचा प्रश्न वेगळा आहे. लोक कशासाठी जमले, कुणाच्या अटीवर जमले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातात काय राहिलं?

या तीन प्रश्नांवर आपलाच इतिहास एकदा तपासून बघू.

महाड. १९ आणि २० मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. गावात तळं काठोकाठ, आणि परिषदेला आलेल्या माणसांना प्यायला पाणी नाही. चाळीस रुपये मोजून स्पृश्यांकडून पाणी विकत घ्यावं लागलं. चाळीस रुपये, त्या काळातले! कागदावर सगळं ठीक होतं बरं का. रावबहादूर बोल्यांचा ठराव १९२३ सालीच कौन्सिलात पास झालेला, महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलं केलेलं. पण कागद पिऊन तहान भागत नाही. ठराव झाले, भाषणं झाली, आणि माणसं सतरंज्या गुंडाळून घरी गेली नाहीत. ती उठली, रांगेनं चालत चवदार तळ्यावर गेली आणि ओंजळीनं पाणी प्याली. परिषदेचं कार्य मंडपाच्या बाहेर होतं. मंडप फक्त उठायची तयारी करायला होता.

पुढं काय झालं तेही माहीत असू द्या. आता हे देवळात घुसणार अशी आवई उठवली आणि परतणाऱ्या आपल्या माणसांची डोकी फोडली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला माणसं पुन्हा महाडला जमली आणि मनुस्मृती जाळली. त्या परिषदेला हिंदूंनी जागा दिली नाही, फत्तेखान नावाच्या मुसलमानानं दिली. तळ्याचा खटला कोर्टात चालला आणि हायकोर्टाचा निकाल आला १७ मार्च १९३७ ला. एका ओंजळीमागं दहा वर्षं! ज्यांना एका सभेत क्रांती पाहिजे त्यांनी हा हिशेब खिशात ठेवावा.

आता अटीचा प्रश्न. 'सगळ्यांनी एकत्र या' म्हणणारे या देशात कमी नाहीत. पण सगळे म्हणजे कोण? १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणपतीत अस्पृश्यांना पूजेचा हक्क मिळावा म्हणून प्रबोधनकार ठाकऱ्यांना भांडावं लागलं. वर्गणी सार्वजनिक, मांडव सार्वजनिक, देव मात्र खाजगी! कामगारांच्या एकीचं बघा. १९२८-२९ सालच्या मुंबईतल्या गिरणी संपांत लाल बावट्याखाली सगळे एक होते म्हणतात. पण गिरणीच्या आत विणकाम खात्यात, जिथं पगार बरा, तिथं अस्पृश्याला घेत नव्हते. का? तर तुटलेला धागा थुंकी लावून जोडायचा असतो, आणि आमच्या थुंकीनं सूत बाटतं. आमच्या घामानं बाटत नव्हतं, थुंकीनं बाटत होतं. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना तोंडावर विचारलं, तुमच्या मागण्यांत ही मागणी कुठंय? लोक त्यांना फुटीर म्हणाले. अरे, फूट तर थुंकीत होती! त्यांनी फक्त बोट ठेवलं.

तेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. संपाचा हक्क कापणारं विधेयक आलं होतं, आणि स्वतंत्र मजूर पक्ष नि लाल बावटा यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. म्हणजे एकत्र यायला त्यांचा विरोध कधीच नव्हता. दुय्यम म्हणून एकत्र यायला होता. कामगारांची एकी हवी ना? मग आधी कारखान्यातला पाण्याचा माठ एक करा. आजही हीच अट.

आज माठ उघड वेगळा नसेल. पण या पानाचा संपादक गोदीत कंत्राटावर माल उतरवतो, त्याला विचारा. न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झालं, माल कंटेनरातून तिकडं वळला, आणि इकडं उरलेलं काम ठेकेदाराच्या हातात गेलं. गेटमीटिंग होते तेव्हा पक्के कामगार पुढं बसतात आणि आम्ही कंत्राटी मागं उभे. भाषणात 'तमाम कामगार बंधूंनो' म्हणतात. मागण्यांच्या यादीत तमाम नसतात. आडनावं वाचा, मागं कोण उभं राहतं ते कळंल.

गोदीवरून आणखी एक आठवलं. १४ एप्रिल. तुमच्या-माझ्यासाठी ही तारीख म्हणजे जयंती. पुण्यात १९२८ साली जनार्दन रणपिशांनी पहिली जाहीर जयंती केली, तेव्हापासून चाळीचाळीत पसरलेली. पण १४ एप्रिल १९४४ ला दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज फुटलं. पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी, आग लागलेली. त्या वेळी बाबासाहेब दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आगीशी झुंजताना अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात, आणि तो पाळलाच पाहिजे. पण त्याच धक्क्यावर पाठीवर गाठी वाहणारे हमाल होते, टोळीवाले होते, आसपासच्या वस्तीतले लोक होते. एकूण मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळे छापले गेलेत. म्हणजे शेकडो माणसांचा हिशेबच लागला नाही! स्मरणाचा कार्यक्रम हासुद्धा राजकारण असतो, तो असा. ज्याचं नाव हजेरीपटावर, त्याचं नाव स्मारकावर. ज्याला हजेरीपटच नाही, तो मेल्यावरही कंत्राटीच.

म्हणून भीमा कोरेगावचा खांब आपल्याला मोलाचा, कारण त्यावर नावं आहेत. लढाई १ जानेवारी १८१८ ची. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले आणि दगडाला वाचा फुटली. १ जानेवारी २०१८ ला तिथं येणाऱ्या लोकांवर दगड पडले, ते काय खांबावर राग म्हणून? नाही. लोक आपली नावं वाचायला शिकले, हा राग.

आता ६ डिसेंबर. दरवर्षी काही शहाण्यांच्या पोटात दुखतं. दादरला गर्दी होते, शिवाजी पार्कावर कचरा होतो, गाड्यांतून फुकट येतात. बाबांनो, इतर उत्सवांत समुद्र बुजेपर्यंत विसर्जन होतं, तेव्हा कुठं असता? विदर्भातून, मराठवाड्यातून भाकरी बांधून आलेली म्हातारी तिथं नवस फेडायला येत नाही. रांगेत तासन्‌तास उभी राहते आणि परत जाताना नातवासाठी पुस्तक घेऊन जाते. अंगठाबहाद्दर बाई पुस्तक विकत घेते! पुस्तकांचे ढीगच्या ढीग ज्या शोकसभेत विकले जातात, अशी दुसरी शोकसभा आम्हाला दाखवा. ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर चितेसमोर लोकांनी धम्मदीक्षा घेतली होती. रडता रडता घेतली. तेव्हापासून आपलं रडणंसुद्धा कामाचं असतं, ही आपली रीत. ती सोडू नका.

गाण्याचंही तेच. आंबेडकरी जलशांनी तमाशाच्या गणातला गणपती काढला, गौळण काढली आणि तिथं भीमाला वंदन घातलं. कृष्ण-पेंद्याच्या चावटपणाच्या जागी शिक्षणाची, सावकाराची, गावकीची बतावणी आली. साचा जुना, माल नवा. भीमराव कर्डक, वामन कर्डक यांनी गावोगाव पायपीट केली. वामनदादा २००४ साली गेले तोवर गातच होते. ज्या गावात सभेला बंदी तिथं ढोलकी शिरली. आणि २ मार्च १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, तेव्हा उद्घाटनाला अण्णाभाऊ साठे होते. शाळेत दीड दिवस बसलेला माणूस! आजची आमची संमेलनं मात्र उद्घाटनाला मंत्री शोधतात. मानधनाची पाकिटं, शाली, नारळ. मंचावर बारा जण, समोर अकरा.

आणि बायका? आमच्या पत्रिकांवर 'महिला मंडळाचे सहकार्य' असं एका ओळीत येतं. म्हणजे जेवण. पण २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाच्या हक्काचा ठराव तिथं झाला, दुसऱ्या बायकोच्या विरोधात झाला, कामकरी बायांच्या सोयीसवलतींचे ठराव झाले. हिंदू कोड बिल तेव्हा दूर होतं. आयाबहिणी तेव्हा इतक्या पुढं होत्या आणि तुम्ही-आम्ही आज त्यांना पोह्यांच्या पातेल्याशी बसवतो. लाज वाटू द्या.

मोर्चाबद्दल दोनच गोष्टी. १५ ऑगस्ट १९७२ ला पँथरनं काळा स्वातंत्र्यदिन पाळला. देशभर झेंडे असताना पोरांनी विचारलं, कुणाचं स्वातंत्र्य? प्रश्न विचारणं हाही कार्यक्रम असतो. १० जानेवारी १९७४ ला मुंबईत मोर्चावर वरून पडलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. मोर्चात जाणं म्हणजे सेल्फी नव्हे, हे त्याच्या रक्तानं लिहिलेलं आहे. दुसरी गोष्ट, विद्यापीठाची. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात घरं पेटली, पोचीराम कांबळेचा खून झाला. लाँग मार्च झाले, तुरुंग भरले. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, तेही आधीच्या नावाला जोडून. सोळा वर्षं! सोळा वर्षं एकच मागणी घेऊन रस्त्यावर उभी राहणारी माणसं आपली होती. आज आमचा राग सोळा तास टिकत नाही. मोबाईलवर पेटतो, मोबाईलवरच विझतो.

आता जयंतीवर येऊ, कारण हात तिथंच अडकलाय. नाचणाऱ्या पोरांना शिव्या घालायची फॅशन आपल्यातल्या शिकलेल्यांत आलीय. आम्ही त्यात नाही. ज्याच्या आज्याला गावातून चप्पल घालून जाता येत नव्हतं, त्याचा नातू भर रस्त्यात नाचतो, ही गोष्ट लहान नाही. वर्षभर पाठीवर ओझं असतं, एक रात्र अंग मोकळं होऊ द्या. आमचं भांडण नाचाशी नाही. डीजेचं बिल कोण भरतो त्याच्याशी आहे. बिल बिल्डर भरतो. तोच बिल्डर, जो वस्ती उठवायला कागद घेऊन येतो. बॅनरवर बाबासाहेबांपेक्षा मोठा फोटो नगरसेवकाचा. बिल दुसऱ्यानं भरलं की अजेंडाही दुसऱ्याचा, गप्प बसायचं कलमही त्याचंच. पूर्वी गिरणीकामगार पगारातले पैसे काढून वर्गणी देत, म्हणून जयंती त्यांच्या बापाची होती. फुकटच्या जयंतीत आपण पाहुणे असतो, आपल्याच बापाच्या घरी!

म्हणून पोरांनो, येत्या जयंतीला एवढं करा.

एक, बाहेरचा पैसा घेऊ नका. दहा-दहा रुपये गोळा करा, हिशेब फळ्यावर लिहा. डीजे परवडला नाही तर ढोलकी आणा, नाच थांबत नाही. दोन, बॅनरवर जिवंत माणसाचा फोटो नको. अगदी आमचाही. तीन, बाया मंचावर आणि पातेलं पुरुषांकडं. चार, मिरवणुकीच्या दुसऱ्या सकाळी वस्तीतल्या पंधरा जणांनी एक काम हातात घ्यावं. कंत्राटी सफाईवाल्याचा अडकलेला पगार, पोरीची रखडलेली स्कॉलरशिप, नळाचं कनेक्शन, काहीही. पण ते तडीस जाईपर्यंत सोडायचं नाही. पुढच्या जयंतीला भाषणाऐवजी त्या कामाचा अहवाल वाचायचा. झालं नसेल तर 'झालं नाही' असं वाचायचं.

लाखाची गर्दी आपण डोळे मिटून जमवतो. या देशात इतकी माणसं स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या पायानं एका माणसासाठी जमतात, याची व्यवस्थेला धास्ती आहे. म्हणून तर ती आपल्याला सत्काराचे हार पाठवते, मंडपाचं भाडं भरते. आपण बसून राहावं, टाळ्या वाजवाव्या, ही तिची इच्छा.

महाडला माणसं मंडपातून उठली होती, हे विसरू नका.

जयभीम.