वहिनीसाहेबांना टाळ्या, हमीदाबानूला दगड

विषय ऐकून हसाल, पण लिहितोच.

सुट्टीत नात देवणीला आली होती. दुपारचं ऊन असं की ओसरीबाहेर पाय टाकवत नाही. तेव्हा तिने मोबाईलवर मला बायकांची कुस्ती दाखवली. आपली मातीतली नव्हे, अमेरिकेतली, डब्ल्यूडब्ल्यूईची. एप्रिल 2018 मधला न्यू ऑर्लिन्स शहरातला खेळ होता. एका बाजूला रोंडा राउझी, ज्युडोत ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलेली. दुसऱ्या बाजूला स्टेफनी मॅकमहॉन. दोघींच्या जोडीला एकेक पुरुष भिडू.

ही स्टेफनी म्हणजे अब्जाधीश बापाची लेक. मान ताठ, नाक वर, समोरचा म्हणजे आपला नोकर अशी नजर. आली की लोक हुर्यो उडवतात. कुणाच्याही थोबाडीत मारायची तिला मुभा, उलट हात कुणी उगारायचा नाही. शेवटी त्या रोंडाने तिचा हात असा पिरगाळला की बाईंनी हार कबूल केली. हजारो माणसं आनंदाने नाचायला लागली. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं!

नात म्हणाली, "आजोबा, हे सगळं आधी ठरलेलं असतं. आणि ती खरंच मालकाची मुलगी आहे."

खरंच होती. बाप विन्स मॅकमहॉन कंपनीचा मालक आणि ही त्या वेळी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. म्हणजे लोकांनी तिकीट काढून मालकिणीची हुर्यो उडवायची, मालकिणीने पगारी कुस्तीगिराकडून हरायचं, आणि तिकिटाचे पैसे पुन्हा मालकिणीच्याच घरी!

आता आपण म्हणू, अमेरिकेतले लोक भोळे. पण आपण काय वेगळं करतो? 'तुझ्यात जीव रंगला' मालिका आठवते ना? 2016 ते 2021 चालली. राणादा पैलवान, पण घरात सत्ता कुणाची तर नंदिता वहिनीसाहेबांची. दागिने, पैठण्या, गोड बोलणं आणि आतून कपट. धनश्री काडगावकर यांनी ती भूमिका अशी केली की आमच्या शेजारच्या काकू ताट बाजूला सारून टीव्हीला बोल लावायच्या. त्याआधीच्या पिढीने निळू फुल्यांना बोल लावले. 'सामना'मधला हिंदुराव धोंडे पाटील पडद्यावर आला की थिएटरात कुजबुज व्हायची. प्रत्यक्षात निळूभाऊ सेवादलाचे, सज्जन माणूस. पण बायाबापड्या त्यांना समोर पाहून दचकायच्या म्हणतात.

याला मी नावं ठेवत नाही. याची गरज असते. ज्याच्या शेतात राबायचं, ज्याच्याकडून उचल घ्यायची, त्याच्या तोंडावर हुर्यो कशी उडवणार? ती पडद्यावर उडवायची, तमाशाच्या वगात उडवायची. श्रीमंत माणूस लोळताना दिसला की गरिबाला दोन घास जास्त जातात. शंभर वर्षं शाळेत नीतिपाठ शिकवून जे होत नाही ते एका वगात होतं.

पण नातीच्या "ठरलेलं असतं" या शब्दावरून मला दुसरीच बाई आठवली. हमीदाबानू.

मिर्झापूरची, अलीगढला तयार झालेली पैलवान. तिच्या मागे ना बाप अब्जाधीश, ना वाडा. 1954 साली तिने जाहीर केलं, जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी लग्न करीन. पतियाळाचा एक हरला, कलकत्त्याचा एक हरला. बडोद्याला छोटे गामा बाईशी लढणार नाही म्हणून मागे सरले, तेव्हा बाबा पैलवान उभे राहिले. 1 मिनिट 34 सेकंदांत निकाल लागला. त्याच वर्षी मुंबईत व्हेरा चिस्टिलिन या रशियन पैलवान बाईला तिने मिनिटभराच्या आत चीत केलं.

आणि आपल्या महाराष्ट्रात काय झालं? कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. तिथे तिने एका पंजाबी पैलवानाला पाडलं तर लोकांनी दगड मारले. पोलीस बोलवावे लागले. म्हणे कुस्ती खोटी, ठरवलेली! पुण्यातली तिची कुस्ती कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार केली. उत्तर आलं की बाई आहे म्हणून नव्हे, आयोजक डमी पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून.

असतीलही काही कुस्त्या ठरवलेल्या. नुरा कुस्ती हा शब्द काय बायकांसाठी तयार झाला? पुरुषांची नुरा कुस्ती झाली तर लोक चार शिव्या देऊन घरी जातात. बाईची झाल्याचा नुसता संशय आला तरी दगड.

इथे मला गंमत वाटते, आणि वाईटही. न्यू ऑर्लिन्सला सगळ्यांना माहीत होतं की खेळ ठरलेला आहे, तरी टाळ्या. कोल्हापूरला "ठरलेला आहे" म्हणून दगड. माझं मत असं, की खरं-खोटं हा मुद्दाच नव्हता. आपल्याला बाईची मिजास चालते, बाईची ताकद चालत नाही. मिजास करणारी श्रीमंत बाई शेवटी हरणार हे पक्कं असतं, म्हणून ती हवीहवीशी वाटते. हमीदा हरत नव्हती, हाच तिचा गुन्हा.

पुढे ती कल्याणला राहिली. युरोपला जाऊ नये म्हणून तिच्या वस्तादाने मारून तिचे हात मोडले, असं तिच्या नातवाने सांगितलंय. ती दूध विकायची, रस्त्यावर खाण्याचे पदार्थ विकायची. 1986 साली गेली.

आता दगड मारणाऱ्यांना नावं ठेवून मी मोकळा होणार नाही. साधारण त्याच सुमारास माझ्या वर्गात एक मुलगी होती. मैदानावर पोरांना उचलून आपटायची. तिचे वडील स्वतः तालमीत गेलेले. ते मला विचारायला आले, "गुर्जी, हिला तालमीत घालावं म्हणतो." मी त्यांना चहा पाजला आणि म्हणालो, "लोक काय म्हणतील? पुढं लग्नाचं अवघड जाईल." ते मान हलवून गेले. दहावीच्या आत तिचं लग्न झालं. मीही जेवायला गेलो होतो.

मी दगड मारला नाही. चहा पाजला. फरक एवढाच.

आमची देवणी जनावरांसाठी प्रसिद्ध. बाजारात माणसं वानेरा, बालंक्या, शेवरा अशी पारख करतात. खांद्यावरून, पाठीवरून हात फिरवतात, गायीच्या ताकदीचंही कौतुक करतात. जनावराची ताकद ओळखणाऱ्या गावात मला माझ्या विद्यार्थिनीची ताकद ओळखता आली नाही.

महाराष्ट्र केसरी 1961 ला सुरू झाली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी मार्च 2023 मध्ये सांगलीला झाली. मधे 62 वर्षं! सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली. अंतिम फेरीत तिच्यासमोर होती वैष्णवी पाटील, कल्याणची. हमीदाने जिथे दूध विकलं त्या कल्याणची. त्या दिवशी दगड पडले नाहीत.

नातीला हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या मुलीचं पुढे काय झालं, आजोबा?"

मी कधी विचारलंच नाही. या दिवाळीत तिच्या गावी जाऊन यायचं ठरवलंय. जाऊन आलो की लिहीन.