रात्रीची वीज आणि मोडलेली झोप

रब्बीचा हंगाम लागला की पाचोरा तालुक्यात गव्हा-मक्याला पाणी भरायचे दिवस येतात. कृषिपंपांना थ्री-फेज वीज मात्र चक्राकार पद्धतीने मिळत आली आहे. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी घेऊन मळ्यात. साप, बिबट्या, विजेचा धक्का यांची चर्चा दरवर्षी होते, ती व्हायलाच हवी. झोपेचे काय होते, हे मात्र कोणी विचारत नाही.

अंधार पडला की मेंदूतील पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडू लागते. ते गुंगीचे औषध नव्हे. रात्र झाली, एवढा निरोप ते शरीराला देते. मनःस्थितीशी संबंधित सेरोटोनिनपासूनच ते तयार होते. जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जाते आणि डोळे जड होतात. चहातील कॅफिन त्याची वाट अडवते. थकवा तसाच राहतो. कायम रात्रपाळी असली तर शरीर थोडेफार जुळवून घेते. इथे पाळीच बदलत राहते. मेंदूतील घड्याळ नव्या वेळेला लागते न लागते तोच वेळ पुन्हा फिरते.

मग दुपारी डुलक्या, रात्री टक्क डोळे, घरात चिडचिड. सेरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य, इतके सोपे हे गणित नाही. कर्ज, भाव, पाऊस सगळेच त्यात असते. पण मोडलेली झोप मन खचवते आणि खचलेले मन झोप मोडते. दारूने डोळा लवकर लागतो, उत्तररात्री तीच जाग आणते. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळीची सवय लागू शकते, घड्याळ जागेवर येत नाही.

म्हणूनच दिवसा वीज हा नुसता शेतीचा प्रश्न नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. कृषी फीडर सौर प्रकल्पांवर चालवून दिवसा वीज द्यायची, हा तिचा हेतू. तिचा हिशेब मेगावॉटमध्ये मांडतात. कोणत्या तालुक्यात किती शेतकऱ्यांची रात्रपाळी खरोखर सुटली, हेही जाहीर व्हायला हवे.

तोवर पाणी भरून आल्यावर खिडकी झाकून, मोबाइल लांब ठेवून झोपावे. मध्यरात्रीनंतर चहा नको. दोन आठवडे उदासी हटत नसेल, रोज पहाटे तीनलाच जाग येत असेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवावे. जगणेच नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही सुरू असतो आणि मराठीत बोलता येते.