फोन घरात आहे, पण कुणाच्या हाती?

संकटग्रस्त स्त्रियांसाठी भ्रमणध्वनी हा मोठा आधार ठरेल, असे गेली काही वर्षे सातत्याने सांगितले जात आहे. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये 'आयकॉल' ही दूरध्वनीवरून समुपदेशन करणारी सेवा सुरू केली. हा आधार खरा आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. मात्र तो कोणत्या घरात, कोणत्या ऋतूत आणि कुणाच्या हाती पोहोचतो, याचा विचार आपल्या धर्मग्रामांत फारसा झालेला दिसत नाही.

ऋतूचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. २०२३ मध्ये 'जामा सायकिअ‍ॅट्री' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भारत, पाकिस्तान व नेपाळ या देशांतील सुमारे १ लाख ९५ हजार स्त्रियांची २०१० ते २०१८ या काळातील माहिती त्यात तपासली होती. वार्षिक सरासरी तापमान एका अंशाने वाढले, तर पती वा जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेचे प्रमाण सुमारे साडेचार टक्क्यांनी अधिक आढळते, असा त्याचा निष्कर्ष आहे. यावरून उष्म्यामुळेच पुरुष हात उचलतो असे कुणी म्हणू लागेल, तर ते आम्हाला मान्य नाही. त्याच उकाड्यात तिचाही जीव कासावीस होत असतो. ती कुणाला मारीत नाही. परंतु पत्र्याच्या छपराखाली रात्रभर झोप नसणे, दुपारचे काम बंद पडून रोजंदारी बुडणे आणि त्यातून दारू व कर्ज वाढणे, हा क्रम आपल्या परिचयाचा आहे.

किनाऱ्यावरच्या कुटुंबांना तर हे वेगळे सांगायला नको. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'क्यार' चक्रीवादळाने ऐन हंगामात मासेमारी ठप्प केली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आले. बोट किनाऱ्याला लागलेली, हातात पैसा नाही आणि माणूस दिवसभर घरात, असे दिवस वाढत चालले आहेत. नुकसानीच्या पंचनाम्यात फाटलेली जाळी व उडालेली कौले नोंदवली जातात. घरात त्या दिवसांत काय घडले, याची नोंद कुणी करीत नाही.

अशा दिवसांत फोनचे काय होते? जुलै २०१८ मध्ये वसई-विरार जलमय झाले, तेव्हा अनेक भागांत वीज बंद करावी लागली होती. 'निसर्ग'नंतर रायगडमधील कितीतरी गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. ज्या वेळी मदतीची गरज सर्वाधिक, नेमक्या त्याच वेळी फोन मुका होतो.

त्याहून मोठा प्रश्न मालकीचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा भ्रमणध्वनी होता. महाराष्ट्राचे प्रमाणही जवळपास तेवढेच. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांनी पतीची हिंसा सोसल्याचे सांगितले. देशभरात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी ७७ जणींनी मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलेही नव्हते. जिच्याकडे फोन आहे तिचेही सिमकार्ड पुष्कळदा नवऱ्याच्या नावावर असते, रिचार्ज त्याच्या मर्जीवर असतो आणि कुणाला फोन केला, हे तो संध्याकाळी पाहू शकतो.

येथे आम्हाला आमची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका भगिनीने रात्री आम्हाला फोन केला. ती दोन वाक्ये बोलली आणि फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी मिस्सा आटोपल्यावर आम्ही काळजीपोटी त्याच क्रमांकावर फोन केला. तो तिच्या नवऱ्याने उचलला. आम्ही नाव सांगितले, चौकशी केली आणि 'सारे ठीक आहे, फादर' हे त्याचे उत्तर खरे मानले. त्या एका फोनची तिला काय किंमत मोजावी लागली, हे आम्हाला पुढे तिच्या आईकडून कळले. आमचा हेतू चांगला होता. तिला त्याचा काहीही उपयोग झाला नाही.

म्हणूनच धारावीतील एक प्रयोग आम्हाला महत्त्वाचा वाटतो. शीव रुग्णालयातील नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये 'स्नेहा' ही संस्था स्थापन केली. तिच्या 'संगिनी' या वस्तीतल्याच साध्या बायका. संस्थेने त्यांच्या हाती स्मार्टफोन दिले. शेजारी मारहाण झाल्याचे समजले की त्या त्याची नोंद संस्थेकडे पाठवीत आणि पुढचे काम समुपदेशक हाती घेत. यातले मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. फोन पीडितेच्या हाती नव्हता, शेजारणीच्या हाती होता. शेजारणीच्या फोनची झडती कुणाचा नवरा घेत नाही.

कायद्यालाही हे भान आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणाऱ्या २००५ च्या अधिनियमानुसार न्यायाधीश नवऱ्याला पत्नीशी दूरध्वनीवरून वा इलेक्ट्रॉनिक मार्गानेही संपर्क साधण्यास मनाई करू शकतात. सामायिक घरात राहण्याचा तिचा हक्क त्याच कायद्यात आहे. आणि विवाह अभेद्य आहे म्हणून तिने सोसत राहावे, असे ज्यांना वाटते त्यांनी ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ११५३ वे कलम वाचावे. जोडीदाराकडून आत्म्याला वा शरीराला गंभीर धोका असेल, तर विभक्त राहण्यास ते न्याय्य कारण मानते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही 'आमोरिस लेतिसिया'मध्ये (२०१६) काही प्रसंगी विभक्त होणे नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते, असे लिहिले आहे. 'जमवून घे बाई' हा सल्ला देताना आपण धर्मगुरूंनी हे किती वेळा सांगितले?

आपल्याकडे संगिनी नाहीत असे नाही. लघु ख्रिस्ती समूहात प्रत्येक आळीतली घरे ओळखणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांच्यापैकी दोघींना प्रशिक्षण द्यावे. मात्र त्यांची नावे वेदीवरून जाहीर करू नयेत. पावसाळ्यापूर्वी धर्मग्रामाच्या सभागृहात जनित्रावर फोन चार्ज करण्याची सोय व्हावी. कपडे-धान्य वाटप होते त्याच ठिकाणी ती असेल, तर तेथे आलेल्या बाईला कुणी कारण विचारणार नाही. १८१ चा फलक चर्चच्या दर्शनी भिंतीवर लावण्याची घाई नको. तिथे ती नवऱ्यासोबत उभी असते. तो स्त्रियांच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावावा. आणि कुणा भगिनीचा अर्धवट फोन आला, तर पुरोहिताने तिला उलट फोन करू नये. आळीतली कुणी वाटीभर साखर मागण्याच्या निमित्ताने तिचे दार ठोठावील.